तांब्याची वायर

आमच्या डोंगरात गाडीच्या प्लगची वायर कानानं निवडतात. डोळ्यांनी निवडणारे लोक खाली म्बाले शहरात राहतात. त्यांना खोक्यावरचं वाघाचं चित्र पुरतं. नाबूटीच्या स्टँडवर मुयोबो मिस्त्रीच्या छपरात खांबाला एक जुना रेडिओ सुतळीनं बांधलेला असायचा. नवी वायर गाडीला लावायची, गाडी चालू करायची आणि रेडिओकडं कान द्यायचा. आतला बातम्या देणारा माणूस जितका खरखरेल तितकी ठिणगी जबर, तितकी वायर दमदार. हे कुणी शोधून काढलं ते विचारू नका. मोटारसायकलवर माणसं आणि पोती वाहणाऱ्या बोडावाल्यांच्या दोन पिढ्या त्या रेडिओसमोर माना डोलावत आल्या होत्या, आणि एकदा पडलेली रीत मोडायला आमच्याकडं कुणाला वेळ नसतो.

कुटोसी त्या सोमवारी छपरात आला तेव्हा त्याची गाडी नुकतीच दुरुस्त होऊन उभी होती. तीन आठवड्यांपूर्वी ती सिकुसीच्या चढावर बंद पडून मागं घसरली होती आणि दरीकडच्या केळीत कोसळली होती. कुटोसी डोंगराच्या बाजूला फेकला गेला, त्याचं कोपर सोलवटलं, बस. मागं बसलेला त्याचा धाकटा भाऊ ब्वायो कॉफीच्या पोत्यांसकट खाली गेला तो गेलाच. अठरा वर्षांचं पोर. ऑगस्टात त्याचा इम्बालू व्हायचा होता. गावासमोर उभं राहून, पापणी न हलवता सुंता करून घेऊन तो पुरुष होणार होता. नाचायची तालीम सुरूसुद्धा झाली होती.

मुयोबोनं बाकावर तीन वायरी मांडल्या. एक काळी, एक निळी आणि एक लाल, करंगळीएवढी जाड.

"ही काळी बघ," मुयोबो म्हणाला. "आत कार्बनचा धागा आहे. ठिणगी नेमकी टाकते, कुणाला त्रास नाही."

त्यानं काळी लावली. रेडिओतला माणूस कोबीचा भाव सांगत होता तो सांगतच राहिला.

"काही ऐकू येत नाही," कुटोसी म्हणाला.

"येऊ नयेच."

"दुसरी लाव."

निळीनं रेडिओ थोडा घोगरा झाला. मग लाल लावली. तिच्या आत नुसती तांब्याची तार. गाडीनं श्वास घेतला मात्र, रेडिओत अशी खरखर उठली की कोबी, भाव आणि सांगणारा माणूस तिन्ही बुडाले.

स्टँडचा अध्यक्ष वांझाला दारात मक्याचं कणीस खात उभा होता. "लेका कुटोसी, वायर घेतोयस की बायको? तीन तीन दाखवून घेतोयस!" एरवी सगळे खिदळले असते. पण वांझालालाच आठवलं की आपण कुणाशी बोलतोय, आणि तो कणीस घेऊन बाहेर सटकला.

"ही लाल," कुटोसी म्हणाला. "धुक्यात बंद नाही ना पडणार?"

मुयोबोनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही पडणार," तो म्हणाला आणि पाना उचलला.

तो का गप्प बसला हे कुटोसीला पुरतं ठाऊक होतं. जुनी वायर प्लगच्या टोपीजवळ फाटली होती. मे महिन्यात मुयोबोनंच ती दाखवून सांगितलं होतं, "ही आजच बदल." कुटोसीनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून वायरीला गुंडाळली आणि म्हणाला, पुढच्या बाजाराला बघू. तो ब्वायोच्या इम्बालूसाठी गाय घ्यायला साठवत होता, आणि त्या वेळी वायरीला घातलेलं एक शिलिंगसुद्धा त्याला गायीच्या अंगातून काढल्यासारखं वाटत होतं. पुढचा बाजार आला, गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सिकुसीच्या चढावर दाट धुकं होतं, पट्टी भिजली, ठिणगी प्लगपर्यंत न पोचता मधेच गळाली, आणि दोन माणसं आणि तीन पोती घेऊन चढणारी गाडी खोकून बंद पडली.

दफनाच्या दिवशी आईनं एकच विचारलं होतं. "गाडी का थांबली रे?"

"धुकं, माई," तो म्हणाला होता. "धुकं फार होतं."

धुक्यानं गाडी थांबत नाही हे डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण मेलेल्याच्या घरात कोण कुणाला उलटतपासणी करतं? सगळ्यांनी धुक्याला शिव्या घातल्या. कुटोसी त्याच संध्याकाळी स्टँडजवळच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेला आणि त्यानंतर घराची पायरी चढला नाही. आईनं दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा तो म्हणाला, उद्या येतो. त्याला भीती वाटत होती. ती रडेल याची नाही, ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल याची.

आता माणसाला ज्या घरासमोरून जायचं नसतं, रस्ता नेमका त्याच घरासमोरून जातो. स्टँड खाली, कॉफी तोलून विकायचा काटा वर डोंगरापलीकडं, मधे सिकुसीचा चढ, आणि चढाच्या अलीकडं आईचं घर. दिवसातून चार फेऱ्या तर व्हायच्याच. कुटोसी तिथं आला की मान खाली घालून निघून जायचा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, तिला माणूस दिसायचा तो चुलीच्या धुरापलीकडचा. आणि बोडांचे आवाज सगळे सारखेच. ती ओळखणार नाही, एवढा त्याला आधार होता.

लाल वायरीनं गाडी खरंच झकास चालली. पण गावाचे रेडिओ गेले कामातून. न्हाव्याच्या दुकानात भजनं लागलेली असायची. कुटोसी रस्त्यानं आला की भजनात सुतारकाम सुरू व्हायचं. शनिवारी स्टँडवर वीस जण एका रेडिओभोवती बसून विलायतेतली फुटबॉलची मॅच ऐकत होते. गोल झाला नेमका तेव्हा कुटोसी गाडी घेऊन हजर. कुणी मारला, कुणाला मारला, काही कळलं नाही.

"मॅचच्या वेळी तू दोनशे पावलं लांब थांबायचं," वांझालानं तिथंच फर्मान काढलं. "नाहीतर तुला दंड. एक कोंबडी."

"एक कशाला, दोन घ्या," माकाई नावाचा पोरसवदा बोडावाला म्हणाला. "मी पैज हरलो का जिंकलो तेपण कळेना झालंय."

कुटोसी हसला. लोक त्याच्याशी पुन्हा चेष्टा करायला लागले होते, आणि त्याला ते बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग जुलैच्या शेवटी एका सकाळी नाबुलो त्याच्या गाडीवर बसली. नाबुलो म्हणजे आईची शेजारीण, म्हातारीचं पाणी भरणारी, चूल पेटवून देणारी, आणि तोंडाची टकळी कधी बंद न करणारी.

"काल तू सातला वर गेलास, दहाला खाली आलास," ती मागून म्हणाली. "दुपारी दोन फेऱ्या. खरं ना?"

"तू काय माझ्यावर पहारा ठेवलायस, मावशी?"

"मी नाही बाबा. तुझी आई सांगते."

कुटोसीनं वेग कमी केला. "तिला कसं कळतं? तिला दिसत नाही."

"दिसायला कशाला हवं? तू तिच्या रेडिओत येतोस की. सकाळी त्या मरणाच्या बातम्या लागतात ना, कोण वारलं, कुठं पुरणार, तिला त्या ऐकल्याशिवाय चहा जात नाही. तो माणूस नावं वाचत असतो आणि मधेच खर्रर्र! लगेच म्हातारी आवाज बारीक करते. दाराकडं तोंड करून बसते. खरखर वाढत वाढत येते, मग कमी होत जाते. संपली की म्हणते, 'गेला.' आणि पुन्हा आवाज मोठा करते."

"आणखी काही म्हणते?"

"काय म्हणणार? परवा तिनं मटोकेची जास्तीची केळी वाफवायला घातली. बांबूच्या कोंबांची शेंगदाणे घातलेली आमटीपण होती. मी विचारलं, कोण येणार आहे? तर म्हणाली, आज खरखर जरा हळू गेली."

परवा कुटोसीनं खरोखरच घरासमोर गाडी हळू केली होती. अंगणात आईचं लुगडं वाळत होतं ते बघून हात आपोआप सैल पडला होता. मग त्यानं पुन्हा वेग घेतला होता. म्हणजे जी चोरी त्याला वाटलं कुणी पाहिली नाही, ती आई आत बसून ऐकत होती. रोज चार वेळा. पोरगा येतो, पोरगा जातो, पोरगा थांबत नाही.

शहाण्या माणसानं त्याच दिवशी गाडी अंगणात घातली असती. पण अपराधी माणूस शहाणपणाच्या वाटेला जात नाही, त्याला पळवाट दिसते. नाबुलोला बाजारात सोडून कुटोसी सरळ मुयोबोच्या छपरात शिरला.

"ही काढ. ती काळी लाव."

मुयोबोनं हात पुसले. "का? बंद पडली?"

"बंद नाही पडली. आवाज फार करते."

"तुला आवाजच हवा होता."

"तूच म्हणालास ना, जेवढी खरखर तेवढा दम."

"मी कधीच म्हणालो नाही. लोक म्हणतात," मुयोबो म्हणाला. "आवाज म्हणजे ताकद नव्हे रे. नुसत्या तांब्याला अडवणारं काही नसतं, म्हणून ती सगळ्यांच्या रेडिओत घुसते. काळी निमूटपणे तेवढंच काम करते."

"मग हा रेडिओ कशाला बांधून ठेवलायस खांबाला?"

"माझ्या बापानं बांधला होता. गिऱ्हाइकाला ऐकायला काहीतरी लागतं, त्याशिवाय त्याची खात्री पटत नाही."

"मग त्या दिवशी सांगायचं होतंस, काका! बोलला का नाहीस?"

"मे महिन्यात बोललो होतो," मुयोबो पटकन बोलून गेला. "ऐकलंस?"

छपरात कुणी तिसरं नव्हतं. कुटोसीचा चेहरा उतरलेला पाहून म्हाताऱ्या मिस्त्रीला आपलीच जीभ चावावीशी वाटली. त्यानं लाल वायर मुकाट्यानं उपसली आणि काळी बसवायला घेतली.

"मी कुणाला बोललो नाही," पाना फिरवत तो म्हणाला. "बोलणारही नाही. पण कुटोसी, ती बिचारी त्या खरखरीवर दिवस काढतेय, हे नाबुलोनं अख्ख्या बाजाराला सांगितलंय. तेवढंही काढून घेणार तिचं?"

"लाव काका," कुटोसी म्हणाला. "लाव आणि मला जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी तो घरासमोरून गेला तेव्हा त्यानं इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा दाराकडं नीट पाहिलं. आई दारात बसली होती. मांडीवर रेडिओ, तोंड रस्त्याकडं. रेडिओ स्वच्छ बोलत होता. तिनं मान हलवली नाही. तो तिच्यापासून पंधरा पावलांवरून गेला आणि तिला पत्ता लागला नाही. आपण सुटलो असं त्याला वाटायला हवं होतं; वाटलं मात्र असं की आपण तिच्या घरात शिरून काहीतरी उचलून आणलंय.

त्याच दिवशी नाबुलो लेकीच्या बाळंतपणासाठी म्बालेला गेली. घरात म्हातारी एकटी राहिली. तिसऱ्या दिवशी कुटोसीला ती दारात नव्हे, रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभी दिसली. समोरून बोडा जात होत्या, आणि ती प्रत्येकीकडं कान वळवत होती. कुटोसी दोन गाड्यांच्या मधून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं ती आपल्यालाच शोधतेय, आणि ती खरंच त्यालाच शोधत होती.

चौथ्या दिवशी सकाळपासून धुकं उतरलं होतं. ती दारात नव्हती, रस्त्यावरही नव्हती. दार उघडं होतं. कुटोसी त्या दिवशी खालच्याच फेऱ्या करत होता, वरच्या बाजूला गेला तो फक्त तिच्या घरापर्यंत एक गिऱ्हाईक सोडायला. उघडं दार पाहून तो थबकला, पण पाय टेकवले नाहीत. वळून परत स्टँडवर आला आणि चहाचा कप हातात घेऊन तसाच बसून राहिला.

दहाच्या सुमाराला माकाई वरून आला. हेल्मेट काढायच्या आधीच बोलायला लागला.

"सिकुसीच्या वळणावर एक म्हातारी उभी आहे. येईल त्या बोडाला काठी आडवी घालते आणि विचारते, तू कोण? मी म्हटलं, माकाई. म्हणाली, जा. मी जरा पुढं जाऊन मागं वळून बघतो तर ती दरीकडं तोंड करून हाका मारतेय." तो थांबला. "कुटोसी, तुझ्या नावानं मारतेय. आधी मला वाटलं तुला शिव्या देतेय. तशा नाहीत रे त्या हाका. हरवलेल्या गुराला मारतात तशा आहेत."

कुटोसीच्या हातातला कप कुठं गेला ते त्याला नंतर आठवलं नाही. तो ज्या वेगानं चढला त्या वेगानं धुक्यात सिकुसीचा चढ कुणी चढू नये. त्या वळणावरून तो गाडी दुरुस्त झाल्यापासून रोज जात होता, पण डोंगराला घासून, दरीकडं न बघता. आज त्यानं वळणावरच गाडी बंद केली आणि उतरला.

ती कडेला उभी होती. अगदी कडेला, केळीची पानं सुरू होतात तिथं. पायात एकच चप्पल. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. गाडी थांबल्याचा आवाज ऐकून तिनं काठी आडवी धरली.

"कोण तू?"

तो दोन पावलं पुढं झाला.

"नाव सांग बाबा आणि जा पुढं. तुझा वेळ घेत नाही. सगळ्यांनाच विचारतेय."

"मी," तो म्हणाला.

"मी म्हणजे कोण? मी तर सगळेच असतात."

"माई, मी. कुटोसी."

काठी खाली टाकून ती हात पुढं करून आली. तिच्या हाताला आधी गाडीचं हँडल लागलं, मग त्याची बाही, मग तोंड. गाल, कपाळ, कान, सगळं तिनं चाचपून बघितलं. आणि मग कानशिलावर अशी एक ठेवून दिली की मोतीबिंदू झालेल्या बाईचा नेम इतका नेमका कसा, असं कुणालाही वाटावं.

"चार दिवस!" ती ओरडली. "चार दिवस रेडिओ स्वच्छ वाजतोय! कुठं मेला होतास?"

"वायर बदलली, माई."

"वायर बदलली! मी काय समजायचं? चार दिवस मरणाच्या बातम्या ऐकल्या. सकाळच्या ऐकल्या, दुपारच्या ऐकल्या, रात्रीच्या ऐकल्या. नदीकाठचे दोघं मेले, शाळेचे जुने मास्तर मेले. तुझं नाव नाही. म्हटलं, बरं आहे. मग रात्री मनात आलं, नाव येणार कुठून? रेडिओवर नाव द्यायला घरचं माणूस जावं लागतं. तुझ्या घरचं माणूस म्हणजे मी. आणि मी तर रेडिओ धरून घरातच बसलेय." तिनं दरीकडं हात केला. "म्हटलं, तो गेला तिथंच हाही पडला असेल. कुणाला दिसला नसेल. धुकं होतं ना."

धुकं. तो शब्द तिनं टोमणा म्हणून वापरला नव्हता. तिनं तो खरा मानला होता, आणि त्याच्याच भरवशावर ती आंधळ्या डोळ्यांनी हा चढ चढून आली होती. तिच्यापासून तोंड लपवायला त्यानं वायर निवडली होती, आणि तिनं चार दिवस त्याचं मरण सोसलं होतं. कुटोसीला आता स्वतःची किळस आली. याहून वाईट ती काही विचारू शकत नव्हती, आणि याहून वाईट तो काही लपवू शकत नव्हता.

"धुक्यानं नाही गेला तो," तो म्हणाला.

"काय?"

"ब्वायो. गाडी धुक्यानं नाही थांबली. माझ्या गाडीची वायर फाटली होती. मिस्त्रीनं सांगितलं होतं बदल म्हणून. मी ट्यूबची पट्टी गुंडाळली."

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"पंधरा दिवस."

"आणि बदलली का नाहीस?"

"गायीसाठी साठवत होतो. त्याच्या इम्बालूच्या. म्हटलं, पुढच्या बाजाराला बदलू."

आई कडेच्या दगडावर बसली. तिला बसताना धरावं म्हणून तो पुढं झाला, पण हात लावायचा धीर झाला नाही. तो चिखलात तिच्यासमोर उकिडवा बसला आणि वाट बघत राहिला. ती आता शाप देईल, निदान तोंड तरी फिरवेल, असं त्याला वाटत होतं. शाप द्यावाच, असंही वाटत होतं.

"त्याला त्या दिवशी यायचं नव्हतं," ती म्हणाली. "नाचणाऱ्या पोरांबरोबर मामाच्या गावी जायचं होतं त्याला."

"म्हणाला होता मला. म्हणाला, माईनं धाडलं, पोती धरायला."

"पोती धरायला नव्हे." तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "तुझ्यावर लक्ष ठेवायला धाडलं होतं. म्हटलं, कॉफीचे पैसे हातात पडले की हा गाडीला काहीतरी घेऊन बसेल. मागं एकदा आरसे घेतले होतेस, तसं. गाय राहील बाजूला. म्हणून त्याला म्हटलं, जा, त्याच्या मागं बस, आणि त्याला गाडीसाठी एक खिळासुद्धा घेऊ देऊ नकोस."

कुटोसीनं मान वर केली.

"तो येत नव्हता," ती म्हणाली. "मी ओरडले त्याच्यावर. मी बसवलं त्याला गाडीवर. सगळे म्हणाले, धुकं. मीपण म्हटलं, होय, धुकं. तू येत नव्हतास, तेव्हा मला वाटलं, त्यानं मरायच्या आधी तुला सांगितलं असेल, मी त्याला कशाला धाडलं ते. म्हणून हा घरासमोरून जातो आणि थांबत नाही."

दोघंही एकाच गायीची दोरी दोन टोकांनी ओढून बसले होते, आणि मधल्यामधे पोर गेलं. आता कुणी कुणाला माफ करायचं? कुटोसीनं तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि तो मोठ्यानं रडला. दफनाच्या दिवशी तो रडला नव्हता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण गुडघेही काढून घेतले नाहीत. तिला तेवढंच झेपत होतं.

खालून एक बोडा चढत आली. माकाईच होता, मागं एक बाजारातली बाई बसलेली. त्या दोघांना बघून त्यानं गाडी थांबवली आणि बाईला हळू आवाजात सांगायला लागला, जसं त्या वळणावर प्रत्येक बोडावाला नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. "इथंच यांचा मुलगा गेला. धुक्यानं घात केला."

"धुक्यानं नाही रे माकाई," कुटोसी उभा राहत म्हणाला. "माझ्या गाडीची वायर फाटकी होती. मला ठाऊक होतं. स्टँडवर सांग सगळ्यांना."

माकाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"आणि पोराला गाडीवर मी बसवलं होतं," आई दगडावरून म्हणाली. "तेपण सांग."

मागची बाई छातीवर हात ठेवून पुटपुटली. माकाईनं नुसती मान हलवली आणि गाडी सावकाश पुढं काढली.

कुटोसीनं काठी शोधून आईच्या हातात दिली. दुसरी चप्पल काही सापडली नाही. "बस गाडीवर, माई. अगदी हळू नेतो."

"तिच्यावर मी बसणार नाही," ती म्हणाली. "आज नाही. पुढंही बसेन की नाही, सांगता येत नाही."

"बरं."

त्यानं आपले बूट काढून तिच्या पायात घातले. ते तिला मोठे झाले, तरी तिनं नाडी बांधू दिली. मग तो गाडी सुरू न करता, ब्रेक दाबत, हातानं धरून उतरायला लागला, आणि ती मागची जाळी पकडून त्याच्यामागून चालायला लागली. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, सकाळपासून काही खाल्लंयस का. तो नाही म्हणाला.

"मीपण नाही," ती म्हणाली. "चूलसुद्धा पेटवली नाही आज."